पाठीवरची अक्षरं

लिथुएनियात जपून ठेवलेल्या एकोणिसाव्या शतकातल्या प्रार्थनापुस्तकांपैकी कितीतरी पुस्तकांचं पहिलं पान खोटं आहे. पानाच्या तळाशी छापलेलं असतं: विल्नियस, झावाद्स्की यांचा छापखाना, आणि साल १८६४ च्या आधीचं. प्रत्यक्षात ते पुस्तक त्यानंतर कित्येक वर्षांनी छापलेलं असतं. तेही विल्नियसमध्ये नव्हे, तर सरहद्दीपलीकडे, प्रशियातल्या टिल्झिट गावात. झावाद्स्कींचा छापखाना खरोखर होता, नावाजलेलाही होता. म्हणूनच त्याचं नाव उसनं घेतलं जाई. शिपायानं पुस्तक हिसकावून पहिलं पान पाहिलं, तर म्हातारीनं सांगावं, ‘हे जुनं आहे, आजीच्या वेळचं.’

प्रार्थनेच्या पुस्तकावर ही पाळी यावी याचं कारण अक्षरांवर बंदी होती. भाषेवर नव्हे, अक्षरांवर. १८६४ ते १९०४ अशी चाळीस वर्षं रशियाच्या झारच्या राज्यात लिथुएनियन भाषा रोमन लिपीत छापणं, बाहेरून आणणं, वाटणं हा गुन्हा होता. तीच भाषा रशियन लिपीत छापायला मात्र मुभा होती. नुसती मुभा नव्हे, आग्रहच होता. लोकांनी ती लिपी घेतली नाही. आजचं लिथुएनियन राष्ट्र या नकारातून घडलं, असं माझं मत आहे. त्या आधीची सहाशे वर्षं आणि नंतरची शंभर, दोन्ही या चाळीस वर्षांच्या उजेडात पाहिली की नीट दिसतात.

राज्याची उणीव लिथुएनियाला आधी नव्हती. १२५३ मध्ये मिंदौगास राजाचा राज्याभिषेक झाला. पुढे गेदिमिनास, व्हितौतास यांच्या काळात हे राज्य बाल्टिक समुद्राकडून काळ्या समुद्राच्या दिशेनं पसरत गेलं आणि युरोपातल्या सर्वांत मोठ्या राज्यांत मोजलं जाऊ लागलं. १३८७ पर्यंत ते ख्रिस्ती झालं नव्हतं. युरोपात इतक्या उशिरापर्यंत जुने देव टिकवणारं दुसरं राज्य नव्हतं. पण या बलाढ्य राज्याच्या दफ्तरात लिथुएनियन भाषेचा मागमूस नाही. कायद्याचे तीन मोठे ग्रंथ तयार झाले, १५२९, १५६६ आणि १५८८ साली. तिन्ही जुन्या स्लाव्ह भाषेत. १५६९ मध्ये पोलंडशी एकीकरण झालं आणि सरदारांनी हळूहळू पोलिश भाषा उचलली. मोठा माणूस म्हणजे पोलिश बोलणारा, हे समीकरण इतकं पक्कं बसलं की लिथुएनियन ही गोठ्याची, शेताची आणि चुलीपुढची भाषा होऊन राहिली.

तिथेच ती टिकली, आणि कशी टिकली हे मराठी माणसाला चटकन समजेल. काही शब्द मोठ्यानं वाचून पाहा. धूर म्हणजे ‘दूमास’. दात म्हणजे ‘दांतिस’. मध म्हणजे ‘मेदुस’. आग म्हणजे ‘उग्निस’, मेंढी म्हणजे ‘आविस’, मुलगा म्हणजे ‘सूनुस’. संस्कृतातले धूमः, दन्तः, मधु, अग्निः, अविः, सूनुः आठवा. आपण शेवटचा विसर्ग केव्हाच सोडून दिला. तिकडचे लोक रोजच्या बोलण्यात त्या जागी अजून ‘स’ म्हणतात. शाळेत घोकलेल्या विभक्त्याही तिथे जवळजवळ सगळ्या भेटतात: प्रथमा, द्वितीया, तृतीया, चतुर्थी, षष्ठी, सप्तमी. पंचमी तेवढी षष्ठीत मिसळून गेली आहे. संबोधन तर रोजच्या हाकेत जिवंत आहे. ‘देव’ या अर्थाचा शब्द ‘दिएवास’. पण संकटात हाक मारायची तर ‘दिएवे!’ जसं आपण म्हणतो, ‘देवा!’

म्हणून लिथुएनियन संस्कृतातून निघाली असं मात्र नव्हे. ही गोष्ट आपल्याकडे अधूनमधून अभिमानानं सांगितली जाते आणि ती चूक आहे. दोन्ही एकाच आदिभाषेच्या लेकी. एक इकडे आली, एक तिकडे राहिली. तिकडची लेक दलदलीत आणि घनदाट जंगलात राहिली आणि आईच्या लकबी तिनं अधिक जपल्या. ऑगस्ट श्लायखर हा जर्मन भाषाशास्त्रज्ञ १८५२ साली प्रशियातल्या लिथुएनियन खेड्यांत जाऊन राहिला, शेतकऱ्यांच्या तोंडून भाषा शिकला आणि चार वर्षांनी त्यानं तिचं व्याकरण प्रसिद्ध केलं. ज्या बोलीला जमीनदार गावंढळ म्हणून हिणवत, ती जर्मन विद्यापीठांत अभ्यासाचा विषय झाली. पुढे राष्ट्रवादी तरुणांना या गोष्टीचा फार मोठा आधार वाटला.

प्रशियाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो आहे, त्याला कारण आहे. लिथुएनियन बोलणाऱ्यांचा एक भाग पिढ्यान् पिढ्या जर्मन राज्यात राहत होता. हे लोक प्रॉटेस्टंट. प्रॉटेस्टंट पंथात धर्म मायबोलीत शिकवायचा असतो, म्हणून पुस्तकं तिकडे आधी निघाली. लिथुएनियन भाषेतलं पहिलं छापील पुस्तक १५४७ चं, क्योनिग्सबर्ग शहरात छापलेलं, मार्तिनास माझ्वीदासचं. ते धर्माची प्रश्नोत्तरं सांगतं, सोबत छोटी बाराखडीही आहे. त्याच्या दोनच प्रती आज ठाऊक आहेत. त्यातली एक विल्नियस विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. भाषेतला पहिला मोठा कवी क्रिस्तिओनास दोनेलाइतिस हाही प्रशियातल्याच एका खेड्यातला पाद्री. शेतकऱ्यांच्या वर्षभराच्या कष्टांवरचं ‘मेताय’, म्हणजे ‘वर्ष’, हे त्याचं काव्य त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, १८१८ मध्ये छापलं गेलं. या पलीकडच्या छापखान्यांनीच पुढे अलीकडच्यांना तारलं.

१७९५ मध्ये पोलंड-लिथुएनियाच्या जोडराज्याच्या फाळणीत लिथुएनिया रशियाच्या ताब्यात गेला. १८३१ मध्ये उठाव झाला, तो मोडला आणि पाठोपाठ विल्नियसचं विद्यापीठ बंद करण्यात आलं. १८६३ मध्ये पुन्हा उठाव झाला. तो मोडायला मिखाईल मुराव्योव्ह हा सुभेदार आला. त्यानं इतक्या जणांना फाशी दिलं की त्याचं नावच ‘फाशीवाला’ पडलं. उठावाचं मूळ पोलिश प्रभावात आहे, असं सरकारी निदान होतं. शेतकऱ्याला पोलिश सरदारापासून तोडायचं, तर त्याची लिपी तोडायची. शाळेत मूल रशियन अक्षरं शिकलं, प्रार्थनाही त्याच अक्षरांत वाचू लागलं, की एक-दोन पिढ्यांत ते रशियन होईल, असा हिशोब. भाषा बोलायला कुणी मना केलं नाही. नुसता अंगरखा बदलायचा होता.

हिशोब चुकला तो धर्मामुळे. खेड्यातला माणूस कॅथलिक होता. त्याच्या लेखी रशियन लिपी म्हणजे रशियन चर्च. आज अक्षर बदललं तर उद्या देव बदलतील, अशी त्याची समजूत झाली, आणि ती अगदीच निराधार नव्हती. सरकारनं रशियन लिपीतली लिथुएनियन पुस्तकं छापली, फुकट वाटली. लोकांनी ती घेतली नाहीत, घेतली तर चुलीत घातली. झमाइतियाचे बिशप मोतिएयुस वालान्चियुस यांनी लोकांना ही पुस्तकं न वापरण्याबद्दल गुप्तपणे बजावलं. हे स्वतः शेतकऱ्याचे पुत्र. आधी त्यांनी दारूबंदीची मोठी चळवळ चालवली होती, गावोगावच्या चर्चांचं जाळं हाताशी होतं. त्यांनी पैसे उभे केले, प्रशियात पुस्तकं छापून घेतली आणि ती आणायला माणसं लावली.

या माणसांना म्हणतात ‘क्निगनेशीस’. ‘क्निगा’ म्हणजे पुस्तक, ‘नेश्ती’ म्हणजे वाहून नेणं. पुस्तकं वाहून नेणारा तो क्निगनेशीस. आपल्याकडे पाठीवरून मीठ, कापड, धान्य वाहणाऱ्यांना नावं आहेत. पुस्तकं पाठीवरून वाहणं हा गावोगावच्या माणसांचा उद्योग व्हावा, त्याला स्वतःचा शब्द मिळावा, असं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

हे काम नेमकं कसं चाले? माणूस संध्याकाळी सरहद्दीजवळच्या ओळखीच्या घरी पोहोचे. पलीकडून आणलेला गठ्ठा तागाच्या पोत्यात बांधलेला असे. रशियानं सरहद्दीवर पहाऱ्याच्या तीन फळ्या उभ्या केल्या होत्या: एक अगदी हद्दीवर, बाकीच्या दोन आत काही अंतरावर. पहिली ओलांडली म्हणजे सुटलो असं नव्हतं. म्हणून अंधारी रात्र, पाऊस, हिमवादळ हाच प्रवासाचा मुहूर्त. नेमुनास नदी हिवाळ्यात गोठली की बर्फावरून, एरवी होडीतून. आत आलेलं ओझं पुढे गवताच्या गाडीत, सरपणाखाली, कधी शवपेटीत, कधी भिकाऱ्याच्या झोळीत. चर्चमधला वाजंत्री, घोड्यांचा व्यापारी, शेतमजूर, म्हातारी विधवा, कुणीही साखळीतला दुवा असू शके. सापडलं तर फटके, तुरुंग, सैबेरियातली हद्दपारी. सरहद्दीवर गोळी लागून मेलेलेही आहेत. पुस्तकं जाळली जात.

या लोकांत सर्वांत गाजलेला युर्गिस बिएलिनिस. जन्म १६ मार्च १८४६, शेतकरी कुटुंबातला. त्यानं हे काम तीसेक वर्षं केलं. नुसतं वाहून आणण्यावर न थांबता वाटपाची शिस्त बसवली. गार्श्वियाय नावाच्या खेड्याभोवती पुस्तकं आणणाऱ्यांची एक मंडळीच उभी राहिली होती. वर्गणी, साठा, गावोगावचे हस्तक, सगळं ठरलेलं. १८९० च्या दशकाच्या मध्यात पोलिसांनी ही मंडळी फोडली आणि तिच्यातल्या अनेकांना हद्दपार केलं. बिएलिनिस मात्र पकडला जाई आणि निसटे, पुन्हा पकडला जाई आणि पुन्हा निसटे.

पुस्तक घरी पोहोचल्यावर ते वाचायला शिकवणार कोण? सरकारी शाळा रशियन होती. तेव्हा आई शिकवू लागली. पेत्रास रिम्शा या शिल्पकाराचं १९०६ मधलं एक शिल्प प्रसिद्ध आहे: आई चरख्यावर सूत कातते आहे, शेजारी मूल उघड्या पुस्तकाशी उभं आहे. दोन्ही हात सुतात गुंतलेले, लक्ष मुलाच्या अक्षरांवर. लिथुएनियन लोक या घरच्या शिक्षणाला ‘वार्गो मोकिक्ला’ म्हणतात, म्हणजे हालअपेष्टांची शाळा. या शाळेत शिकलेल्या अनेकांना वाचता येई, लिहिता येत नसे. कारण आईलाही तेवढंच येत होतं. पण १८९७ च्या शिरगणतीत लिथुएनियन शेतकरी वाचनाच्या बाबतीत रशियन शेतकऱ्याच्या खूपच पुढे निघाला. ज्यांच्या अक्षरांवर बंदी, तेच अधिक साक्षर.

इथवर लढा मुख्यतः धर्माचा होता. पोत्यातल्या पुस्तकांत प्रार्थना, पंचांगं, बाराखड्या अधिक. १८८३ पासून त्याच पोत्यांतून वर्तमानपत्रं येऊ लागली. पहिल्याचं नाव ‘औश्रा’, म्हणजे पहाट. उच्चार ऐकला की ‘उषा’ आठवते, आणि ते बरोबरच आहे. दोन्ही शब्द एकाच घरचे. ते काढणारा योनास बासानाविचियुस पेशानं डॉक्टर, बल्गेरियात नोकरी करणारा, लोककथा वेड्यासारखा जमवणारा. ‘औश्रा’ तीन वर्षांतच, १८८६ मध्ये बंद पडलं. पण त्याचा एक अंक जिथे पोहोचायचा तिथे पोहोचला.

विन्त्सास कुदिर्का हा शेतकऱ्याचा हुशार मुलगा. मारियामपोलेच्या शाळेत गेल्यावर त्याला आपल्या भाषेची लाज वाटू लागली. तो पोलिश बोले. घरच्या कुणी चारचौघांत लिथुएनियनमध्ये हाक मारू नये म्हणून धास्तावलेला असे. वॉर्सात वैद्यकी शिकत असताना ‘औश्रा’चा अंक त्याच्या हाती पडला. तो चाळून झाल्यावर आपली मान खाली गेली आणि लहान मुलासारखं रडू आलं, असं त्यानंच पुढे लिहून ठेवलं आहे. मला ही घटना या सगळ्या इतिहासाचा कणा वाटते. लढाया, तह, जाहीरनामे नंतर येतात. आधी एका शिकल्यासवरल्या मुलाला आपल्या आईच्या भाषेची वाटलेली लाज जावी लागते. कुदिर्कानं १८८९ मध्ये ‘वार्पास’, म्हणजे घंटा, हे मासिक सुरू केलं. १८९८ मध्ये त्यात स्वतः रचलेलं आणि चाल लावलेलं एक गीत छापलं. पुढच्या वर्षी चाळिशीतच क्षयानं तो गेला. ते गीत आज लिथुएनियाचं राष्ट्रगीत आहे.

याच नियतकालिकांत आजची लिपी घडली. जुन्या पुस्तकांत ‘श’ आणि ‘च’ पोलिश पद्धतीनं दोन अक्षरं जोडून लिहीत. तरुण संपादकांनी चेक लोकांकडून डोक्यावर छोटी खूण असलेली अक्षरं उचलली. रशियनही नको, पोलिशही नको, असा तो दुहेरी नकार होता. त्या लिपीला व्याकरणाची बैठक दिली ती योनास याब्लोन्स्किस यानं. त्याचं व्याकरण १९०१ मध्ये टोपणनावानं, अर्थातच टिल्झिटमध्ये निघालं. गावोगावच्या बोलींतून त्यानं पश्चिम औक्श्ताइतियाची बोली प्रमाण म्हणून निवडली आणि नवे शब्द लागले तेव्हा शेतकऱ्याच्या तोंडचेच शब्द जोडून वापरण्यावर भर दिला. घड्याळाला लिथुएनियन भाषेत ‘लाइक्रोदिस’ म्हणतात: वेळ दाखवणारा. नव्या वस्तूसाठी घरातल्या दोन शब्दांची गाठ मारायची, ही त्या पिढीची खोड आजही भाषेत दिसते.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात या बंदी घातलेल्या पुस्तकांचं दालनच लागलं आणि रशियाची शोभा झाली. देशातही काहींनी कोर्टाची पायरी चढून दाखवून दिलं की ही बंदी कायदा नसून नुसता हुकूम आहे. १९०४ मध्ये जपानशी युद्ध पेटलं, सरकारला घरात शांतता हवी होती. ७ मे १९०४ रोजी बंदी उठली. वर्ष संपायच्या आत विल्नियसमध्ये लिथुएनियन दैनिक निघालं. १९०५ च्या डिसेंबरात त्याच शहरात दोनेक हजार प्रतिनिधी जमले आणि त्यांनी स्वायत्तता मागितली. १६ फेब्रुवारी १९१८ रोजी वीस जणांच्या सह्यांनी स्वातंत्र्य जाहीर झालं. त्या बैठकीच्या अध्यक्षस्थानी ‘औश्रा’वाला बासानाविचियुस होता.

या कथेला दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. राष्ट्र भाषेवर उभं केलं की ती भाषा न बोलणाऱ्या शेजाऱ्याचं काय, हा प्रश्न दारात उभा राहतो. ज्या विल्नियसला राजधानी मानलं, तिथे १८९७ मध्ये लिथुएनियन बोलणारे शंभरात जेमतेम दोन होते. शहर मुख्यतः ज्यू आणि पोलिश लोकांचं. १९२० मध्ये पोलंडनं ते घेतलं आणि लिथुएनियानं कौनास ही तात्पुरती राजधानी केली. ज्यूंसाठी विल्नियस विद्येचं माहेरघर होतं. त्याला ते ‘लिथुएनियाचं जेरुसलेम’ म्हणत. १९४१ मध्ये जर्मन फौजा आल्या. देशातल्या दर दहा ज्यूंपैकी नऊंहून अधिक मारले गेले, आणि मारणाऱ्यांत स्थानिक लिथुएनियन लोकही होते. हा डाग लहान नाही आणि तो पुसून सांगू नये.

त्याच शहरात त्याच काळात पुन्हा पुस्तकं चोरून वाहिली गेली. जर्मनांनी ज्यू ग्रंथांची छाननी करायला काही ज्यू लेखकांना आणि ग्रंथपालांना जुंपलं होतं. कवी अव्रोम सुत्स्केव्हर त्यांच्यात होता. दिवसभराच्या कामानंतर हे लोक दुर्मिळ पुस्तकं, हस्तलिखितं कपड्यांखाली लपवून ज्यू वस्तीत परत नेत. सापडलं तर मरण. युद्धानंतर सोव्हिएत राजवटीनंही ज्यू ग्रंथ नष्ट करायला काढले, तेव्हा आंतानास उल्पिस या लिथुएनियन ग्रंथपालानं ते एका बंद पडलेल्या चर्चमध्ये इतर कागदांच्या ढिगात लपवले. ते अनेक वर्षांनी बाहेर आले. क्निगनेशीस हा शब्द उल्पिसला लावायला कुणाची हरकत नसावी.

१९४० मध्ये आणि पुन्हा १९४४ मध्ये सोव्हिएत सत्ता आली. लाखाहून अधिक माणसं सैबेरियाकडे धाडली गेली. भाषा मात्र उरली. शाळा, विद्यापीठ, रंगभूमी लिथुएनियनमध्ये चालू राहिली, जरी बोलायचं काय ते मॉस्को ठरवी. १९४१ मध्ये ज्याचा पहिला खंड निघाला तो महाशब्दकोश राजवटी बदलत असतानाही चालू राहिला आणि २००२ मध्ये विसाव्या खंडाशी पूर्ण झाला. १९७२ पासून धार्मिक छळाची नोंद ठेवणारं एक गुप्त वृत्तपत्र टंकलेखन यंत्रावर प्रती काढून फिरू लागलं. संपादक पकडले गेले, वाटणारे पकडले गेले. वृत्तपत्र १९८९ पर्यंत बंद पडलं नाही. ते चालवणाऱ्यांना आपण कुणाचे वारस आहोत, हे सांगावं लागत नव्हतं. त्यांच्या पणजोबांनी पोती वाहिली होती.

२३ ऑगस्ट १९८९ रोजी विल्नियसपासून रिगामार्गे तालिनपर्यंत सहाशे किलोमीटरहून लांब माणसांची साखळी हातात हात घालून उभी राहिली. ११ मार्च १९९० रोजी लिथुएनियाच्या विधिमंडळानं स्वातंत्र्य पुन्हा जाहीर केलं. अध्यक्षस्थानी होते व्हितौतास लांड्सबेर्गिस: संगीताचे अभ्यासक, चित्रकार-संगीतकार चिउर्लिओनिसवर आयुष्यभर लिहिलेले. चिउर्लिओनिस लहानपणी पोलिश बोलत वाढला. लिथुएनियन भाषा त्याला पुढे बायकोनं शिकवली. लांड्सबेर्गिस यांच्या आईचं माहेरचं नाव ओना याब्लोन्स्कीते. लिथुएनियन आडनावाची शेपटी सांगते की ही याब्लोन्स्किसची मुलगी. टोपणनावानं व्याकरण छापणाऱ्या त्याच याब्लोन्स्किसची. स्वातंत्र्याची घोषणा झाली तेव्हा खुर्चीवर त्याचा नातू होता.

युर्गिस बिएलिनिस जानेवारी १९१८ मध्ये वारला. पहिली घोषणा व्हायला महिनाही उरला नव्हता. त्याच्या जन्माचा दिवस, १६ मार्च, लिथुएनियात क्निगनेशीस दिन म्हणून पाळतात. कौनासच्या युद्धसंग्रहालयाच्या बागेत पुस्तकं वाहणाऱ्या माणसाचा पुतळा आहे, युओझास झिकारासनं घडवलेला. त्याच्या पाठीवर पोतं आहे.